टॉर्क पान्याची टक

माझ्या बहिणीची सोयरीक मी एका नव्याकोऱ्या पान्याने मोडता मोडता राहिलो.

त्या वर्षी मी जुनी मोटार घेतली होती आणि तिची सगळी दुरुस्ती घरीच करायची असं ठरवलं होतं (मोटारीला विचारलं नव्हतं). जळगावच्या दुकानदाराने दोन टॉर्क पाने पुढे ठेवले. एकात काट्याकडे बघत नट आवळायचा. दुसऱ्यात हव्या त्या जोराचा आकडा आधीच लावून ठेवायचा. तेवढा जोर झाला की पाना टक करतो.

"टक झाली की हात काढायचा, भाऊ," तो म्हणाला.

मी टकवाला उचलला. काट्यात कसली आलीय मजा!

दुसऱ्या दिवशी धुळ्याला मंदाचा साखरपुडा. तिचे होणारे सासरे निवृत्त हेडमास्तर. वेळ न पाळणाऱ्यांशी आपलं जमायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलेलं. मंदाला मुलगा मनापासून आवडला होता, त्यामुळे ती आदल्या दिवसापासून घड्याळाकडे बघतच जेवत होती. वाटेत घोळ नको म्हणून संध्याकाळी मी चाकांचे नट नव्या पान्याने आवळायला घेतले.

पहिली टक झाली आणि सगळं घर अंगणात! आईला एक टक हवी, मंदाला हवी. शुभकार्याला निघताना प्रत्येकाचा हात लागलाच पाहिजे, असं काकूने जाहीर करून टाकलं आणि पदर खोचला. शेवटी पुढे सरसावले थोरले काका, म्हणजे आमचे नाना. तरुणपणी कुस्त्या मारलेले, आता कानांनी कमी.

"बठ्ठासनी वाजाडं, मी काय परका शे?"

सगळ्यांनी वाजवलं, मग नानांनीही पाना ओढला. टक झाली.

"काही वाजनं नही," म्हणत नाना ओढतच राहिले.

"नाना, वाजलं, थांबा!" मी ओरडलो. त्यांना तेही ऐकू गेलं नाही. एकेक करत त्यांनी त्या चाकाचे सगळे नट 'वाजवले'.

सकाळी धुळ्याच्या वाटेवर पारोळं गाव मागे टाकलं आणि नेमकं तेच चाक पंक्चर झालं. नट काही केल्या हलेनात. नवा पाना घरीच राहिला होता, गाडीतला साधा पाना वाकला. मी त्यावर उभा राहिलो, मग उड्या मारल्या.

"इतलं कोनी आवळं रे?" नानांनी मलाच दरडावलं.

"दादा, हे लग्न मोडलं ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी," मंदा रडायलाच लागली. धुळ्याकडे जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला आणि पुन्हा उड्या मारायला लागलो.

साखरपुड्याची वेळ टळून गेल्यावर एक जीप येऊन थांबली. हेडमास्तर उतरले. मी उडी मारून खाली येत होतो, तसाच नमस्कार केला. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे, एका चाकाला अख्खं घर?"

"शुभकार्य ना," काकू म्हणाली.

त्यांची मिशी थरथरली. मंदाने डोळे मिटून घेतले. आणि हेडमास्तर पोट धरून असे हसले, की त्यांना बॉनेटवर टेकावं लागलं.

"चला, बसा जीपमध्ये. मुलगी आमचीच," डोळे पुसत ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "फक्त लग्नात मांडव याला बांधू देऊ नका. नंतर तो सोडायचाही असतो."

लग्नात मला पाहुण्यांना अत्तर लावायचं काम दिलं. आणि मी जास्त जोर लावू नये म्हणून माझ्यावर लक्ष ठेवायला शेजारी नानांना बसवलं.