चार मुलांचं चित्र

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा दर ऑक्टोबरात दीक्षाभूमीवरून पिशवीभर पत्रकं आणायचे आणि ती भातुकलीसारखी माझ्यापुढे ओतायचे. मुलींना शिकवा. अंगारे-धुपारे सोडा. प्रश्न विचारा. मी त्यांवरच वाचायला शिकले. छापलेला कागद माणसाचं भलंच करतो, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत माझ्याच कागदाने मोडली.

माझ्या ताईची थोरली मुलगी दोन वर्षांची असताना रात्रंदिवस रडायची. हातापायांची बोटं सुजायची. रक्त तपासलं, लाल कार्ड मिळालं. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मूल ठणक्याने तळमळतं. मग ताई आणि भाऊजींचं रक्त तपासलं. दोघांना पिवळी कार्डं मिळाली, म्हणजे दोघेही वाहक. स्वतःला काही त्रास नाही, पण आजाराचा अर्धा वाटा दोघांच्याही अंगात.

ताईच्या सासरी, पोंभुर्ण्याजवळच्या गावात, बायका म्हणू लागल्या, "बाईच्या पोटातच दोष आहे." माझं डोकं फिरलं. तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजात होते. दहावीचं जुनं पुस्तक काढलं, त्यातली अनुवंशाची चौकट पाहिली आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. दोष आईचा नाही, दोघांकडून अर्धा-अर्धा येतो तेव्हाच आजार होतो. लग्नाआधी पत्रिका नको, रक्त जुळवा. खाली चित्र काढलं. हात धरून उभी असलेली चार मुलं, त्यातलं एक लाल, दोन अर्धी लाल आणि एक पांढरं. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'चारपैकी एकाला आजार.'

गावोगाव वाटलं. ताईने तिच्या खोलीत देव्हाऱ्याची जागा असते तिथे चिकटवलं. मला केवढा अभिमान वाटला होता!

तीन वर्षांनी ताई सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. ट्रंकेत तेच पत्रक घडी करून आणलं होतं, ते तिने आमच्या भिंतीलाही लावलं. मी सहज विचारलं, "ताई, पोटातल्या बाळाची तपासणी केली असशील ना? सुरुवातीच्या महिन्यांत होते ती?"

"नर्सबाई मागं लागली होती. नागपूरले जा म्हणे." ती शेंगा सोलत होती. "मी म्हटलं, काऊन जाऊ? माह्या बहिणीनं लिहून ठेवलं आहे. चारात एक. माही एक लाल झाली. आता तिघं चांगले."

मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

ती पुढे म्हणाली, "तुहे भाऊजी तर म्हणते, बरं झालं पहिल्याच खेपेले लाल निघून गेला."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी चार मुलं रांगेत उभी केली होती. तिने आपली मुलगी पहिल्या जागी ठेवली आणि पुढची मोजली. ते हिशेब रांगेचे नसतात, प्रत्येक बाळंतपणाला ते नव्याने सुरू होतात, हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. मला स्वतःला माहीत होतं, म्हणून लिहायचं सुचलं नाही.

आता सांगायला हवं होतं. तपासणीची वेळ निघून गेली होती. सांगून दोन महिने तिची झोप तेवढी गेली असती. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं. सभेत पुजाऱ्याशी भांडणारी मी आपल्याच घरात रोज सकाळी तोंड उघडायची आणि "चहा ठेवू का?" असं विचारायची.

शेवटी माझं काहीतरी बिनसलंय हे मायने ओळखलंच. भाची अंगणात मायसोबत चिंचोक्यांनी खेळत होती. चिंचोका दगडावर घासून अर्धा केला की एक बाजू काळी, एक पांढरी. मी मायला हळूच सगळं सांगितलं. ती निरक्षर. मुठीत चिंचोके खुळखुळवले. मग दोन चिंचोके जमिनीवर टाकले.

"हा माय, हा बाप. दोन्ही पांढरे पडले का बिमारी. असंच ना?"

"असंच."

"मंग येकडाव पांढरे पडले, म्हून पुढच्या डावात नाई पडणार, असं कोण म्हणते? चिंचोक्याले काय ध्यान राह्यते का?" आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "येवढं शिकली, अन् हे कागदावर नाई टाकलं?"

"ताईला सांगू?"

"बाळ होऊ दे."

बाळ झालं. मुलगा. टाचेतून रक्त घेऊन कागदावर ठिपके सुकवले आणि जिल्ह्याला पाठवले. निकालाला दिवस लागणार होते. बाळ रडलं की मी त्याची बोटं पाहायची. एवढ्या लवकर सूज येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी पाहायची. फोन वाजला की सगळ्यांच्या आधी मीच उचलायची. ताई मात्र मजेत. "तुले काऊन इतकी घाई? मावशी तू आहेस का माय?"

निकाल गावातल्या 'आशा' कार्यकर्त्या घेऊन आल्या. पिवळं कार्ड. वाहक, आजार नाही.

मी कार्ड दोनदा वाचलं. ताई हसली. "पाह्य! तुहं बरोबर निघालं. आता जावेले पण सांगते. तिची पण पहिली लाल आहे, आता परत दिवस गेले. तपासाले दवाखान्यात जायचं काम नाई तिले."

मग मात्र गप्प बसता आलं नाही. मी चिंचोके आणले, तिच्यापुढे टाकले आणि सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तसं तिचं हसू ओसरत गेलं.

"म्हणजे हा पण लाल होऊ शकत होता?"

"हो."

"अन् तुले मालूम होतं?"

"तू आलीस त्या दिवसापासून."

"सारी दुनियाले खरं बोल म्हणतं तू," ती हळू आवाजात म्हणाली, "अन् मले नाई बोलली."

मी चिंचोके तिच्याकडे सरकवले.

तिने चिंचोके उचलले आणि टाकले. एक काळा, एक पांढरा. पुन्हा टाकले. दोन्ही पांढरे. पुन्हा. दोन्ही पांढरे. भाची टाळ्या वाजवून म्हणाली, "आई, परत टाक!" ताईने टाकले नाहीत. बाळाला खांद्यावर घेतलं, उठली आणि भिंतीवरचा कागद चारी कोपऱ्यांनी जपून सोडवला. उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला.

"मागं कोरा आहे," ती म्हणाली. "जावेले दुसरा महिना लागला आहे. आत्ताच लिही. मी वाचून पाह्यते, मले समजलं का, मंगच उठ."