मथुराबाईंचं कपाळ

मथुराबाईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हात जोडतोय तोवर त्या म्हणाल्या, "सर, नमस्कार राहू द्या. आधी माझं नाक खाजवा. माशी कवाची छळून राहिली." मी गडबडलो. त्यांच्या सासूबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. "लाजता काहून? नाकच हाय," बाई म्हणाल्या. मी बोट लावलं. "जरा खाली. हां, बराबर." अशी आमची ओळख झाली.

आखाडा बाळापुरात तेव्हा माझा कॉम्प्युटर क्लास होता. बाई पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. नवऱ्याच्या फटफटीवर मागं बसून घरी येताना ट्रकनं उडवलं. नवरा जागीच गेला आणि बाईंची मान मोडली. हातपाय कायमचे गेले. मान तेवढी वळायची आणि तोंड चालायचं. तोंड तर असं चालायचं की बोलायची सोय नाही! कुणी "अरेरे, काय नशीब बाई तुमचं," म्हणालं की त्या लगेच विचारायच्या, "तुमचं कसं चाललंय? बरं हाय ना? मग रडता काहून?"

त्यांना सांभाळत होत्या त्यांच्या सासू, गिरजाबाई. पोटचा एकुलता एक पोरगा गेलेला आणि सून अशी पडलेली. पण त्या माउलीनं भरवणं, पुसणं, रात्री उठून कूस बदलणं, यात कधी कसूर केली नाही. बोलायच्या कमी. गावात त्यांना कडक म्हणायचे. मला विचाराल तर कडक नव्हत्या, आतून सुकलेल्या होत्या.

बाईंना कॉम्प्युटर शिकायचा होता. आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायच्या, असं त्यांच्या मनात होतं. "लेकरं समोर न्हाईत तर न्हाईत," त्या म्हणायच्या, "पेपर तर माझा सोडवतील!" मी मनात म्हटलं, कशाला हा खटाटोप. तरी क्लासातला एक जुना कॉम्प्युटर त्यांच्या खाटेशी आणून मांडला. त्यांनी पेन्सिल दातात धरली आणि तिच्या मागच्या रबरानं एकेक बटण दाबायला लागल्या. एका ओळीला माझा चहा गार व्हायचा. मी चुळबुळ केली की पेन्सिल टाकून म्हणायच्या, "घाई तुमाला हाय. मला कुठं जायचंय?" मधेच लाईट जायची आणि टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं. मी वीज मंडळाच्या नावानं शंख करायचो. त्या मात्र सासूला हाक मारून पाणी मागायच्या आणि लाईट आली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू.

वर्षभरानं पुढचे दात हलायला लागले. डॉक्टरांनी पेन्सिल बंद करायला सांगितली. "लोक दाताच्या कण्या करतात म्हणत्यात," बाई हसत म्हणाल्या, "म्या खरंच केल्या." हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी कॉम्प्युटर लावू दिला नाही.

मग मी पुण्याच्या एका संस्थेला लिहिलं आणि तिथला एक माणूस यंत्र घेऊन आला. पडद्याच्या डोक्यावर बसवायचा छोटा कॅमेरा, आणि कपाळावर चिकटवायचा चंदेरी ठिपका. मान हलवली की कॅमेरा ठिपका बघतो आणि पडद्यावरचा बाण तसा फिरतो. अक्षरावर बाण थांबवला की अक्षर उमटतं. बाईंचे डोळे लकाकले. त्या माणसानं कागदावरून ठिपका सोडवला आणि बोट बाईंच्या कपाळाकडे नेलं.

"ए बाबा, थांब!"

गिरजाबाई दारात उभ्या होत्या. हातातली परात तशीच. "तिचं कुंकू ह्याच हातानं पुसलं म्या," त्या म्हणाल्या. "आन् तू परका गडी तिथं टिकली लावून राहिला?"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार? त्या घरात बाईंचं नाक मी शंभरदा खाजवलं असेल, पण तिथून चार बोटं वर न्यायची माझीही छाती झाली नाही. यंत्र बघायला जमलेल्या शेजारच्या बाया एकमेकींकडे बघत उठून गेल्या. मथुराबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

पुण्याचा माणूस म्हणाला, चष्म्यावर लावा. मी बिनकाचांची जुनी फ्रेम आणून दिली. बाळापूरचा उन्हाळा! घामानं फ्रेम घसरून नाकाच्या शेंड्यावर यायची, बाण पडद्याच्या तळाशी जायचा आणि दर ओळीला कुणीतरी ती वर ढकलायची. बाई वैतागल्या. "सर, हे म्हंजे बैलाला झूल घालून शेत नांगरायचं झालं. काढा हे." मी फ्रेम काढली. त्यांनी पेन्सिल मागितली. मी नाही म्हटलं, तर अशा नजरेनं पाहिलं की निमूट दिली.

एका सकाळी मी गेलो तर बाईंची हनुवटी रक्तानं भरलेली. पुढचा दात पेन्सिलीसकट बटणांवर पडला होता. गिरजाबाई पदरानं तोंड पुसत होत्या आणि ओरडत होत्या, "काहून जिवाला तकलीफ देऊन राहिली गं? कुणी काम सांगितलंय तुला? म्या हाय ना खाऊ घालायला?"

"तुमी हाव म्हणून जिती हाय, आत्याबाई," बाई म्हणाल्या. शब्द दातातून फसफसत होते. "पण दिवसभर नुसतं जितं राहून करू काय? मला सवाष्ण व्हायचं न्हाई. तुमचं लेकरू माझ्या बी काळजात हाय. मला फकस्त काम करू द्या."

गिरजाबाई उठल्या. मला वाटलं, रागानं बाहेर चालल्या. त्यांनी मोरीत हात धुतले, कोरडे केले आणि मला विचारलं, "ते चमकीचं कुठं ठिवलंय?"

मी कागद दिला. म्हाताऱ्या नखांना ठिपका सुटेना, तो मी सोडवून त्यांच्या बोटावर ठेवला. सुनेची हनुवटी डाव्या हातात धरून त्यांनी तो कपाळावर टेकवला आणि अंगठ्यानं दाबला. दाबून झाला तरी अंगठा काढेनात. "माझ्या दारात नवरी म्हणून आलीस," त्या म्हणाल्या, "तवा अशीच दिसली व्हतीस." आणि इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा गिरजाबाईंना रडताना पाहिलं, अगदी लहान पोरासारखं.

माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना. मथुराबाई सासूकडे बघत होत्या. त्यांचे हात पांघरुणावर नेहमीसारखे निपचित पडले होते.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "तुमचे डोळे मला पुसता येत न्हाईत. तेवढे तुमचे तुमीच पुसा."