मंद्रूपच्या पेवातला चंद्र

सोलापूरला कसं जायचं आणि जेवायचं कुठे, असं बरेच जण मला विचारतात. सांगते. पण माझी सोलापूरची लक्षात राहिलेली सफर सत्तरच्या दशकातली, आणि ती हौसेची नव्हती. वहिनीने निरोप धाडला होता, "वन्सं, या आनि भावाला समजवा. ह्ये पेवात राहायला निगालेत." दुसऱ्याच दिवशी निघाले.

दादा मंद्रूपच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. दुष्काळात त्याने स्वतःच्याच वर्गातली मुलं खडी फोडताना पाहिली, आणि तेव्हापासून त्याने पृथ्वीचा नाद सोडला. माणसाने आता चंद्रावर, मंगळावर राहायला शिकावं, असं तो म्हणायचा. चंद्रावर तर हवाच नाही, ऊन भाजतं आणि सावली गोठवते, म्हणून घर जमिनीखाली हवं. श्वासापुरती हवा झाडं करतील. घरामागे पेव रिकामंच होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं रांजणाच्या आकाराचं कोठार. वर एक माणूस उतरेल एवढंच तोंड.

पुण्याहून सकाळची गाडी धरली. कुर्डुवाडीच्या पुढे खिडकीबाहेर नुसता तपकिरी माळ होता. सोलापुरात उतरून स्टँडजवळच्या खानावळीत जेवले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. पैसे अगदी थोडे पडले, आणि तसली चटणी पुण्यात कुणाला जमत नाही, हे मी आजही भांडून सांगेन. मंद्रूपची यष्टी विजापूरच्या रस्त्याने जाते. खिडकीजवळ बसू नका, धुळीने माखाल.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाकडं म्हनायचं?"

"मास्तरांकडे."

"चंद्रावरल्या?"

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण मनातून चरकले.

घरी पोचले तर दादाने पेवात पालक, मेथी, अळू असं काय काय कुंड्यांतून उतरवलेलं. विहिरीतल्या शेवाळाच्या बादल्या होत्या. वायर सोडून दिवे लावले होते. मी भांड भांड भांडले. तो शांतपणे म्हणाला, "कुसुम, कुणीतरी करून बघायलाच पाहिजे. एक दिवस. फक्त उजाडल्यापासून मावळेपर्यंत."

वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आनि आमी? आमी हितंच हाय की."

तो शेवाळाची बादली उचलून पेवाकडे गेला.

सकाळी तो उतरला. वर फरशी ठेवून कडेने चिखल लिंपला. आतून एक दोरी वर आणली होती, तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा. जीव घाबरला तर ओढायची. मधूनमधून सगळं ठीक आहे म्हणूनही तो एकदा वाजवायचा. वहिनी घंटेपाशी ज्वारी निवडत बसली. शेजारचे मल्लप्पा सारखे येऊन बघून जायचे. दुपारी घरात गेले तर दिवा लागेना. गावातली वीज गेली होती.

मी बाहेर येऊन म्हटलं, "वाजवेल आता."

घंटा वाजली नाही. वहिनीने खूप वेळ वाट पाहिली नाही. सूप बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, "मल्लप्पा, फरशी काडा."

पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, ही तिकडची रीत. विझला तर खाली विषारी हवा. कंदील निम्म्यावरच विझला. मल्लप्पांनी घोंगडं दोरीला बांधून वरखाली, वरखाली हलवलं, आतली हवा बाहेर काढली. दुसऱ्यांदा कंदील टिकला तेव्हा कमरेला दोर बांधून ते उतरले. दादाला वर ओढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

संध्याकाळी बाजेवर पडल्यापडल्या तो वर्गात शिकवावं तसं सांगू लागला, "उजेड गेला की झाडंही आपल्यासारखीच हवा घेतात. कुंड्यांतलं शेणखतही घेतं. अंधारात आम्ही सगळे एकाच हवेवर होतो."

"म्हनजे तुमाला ठावं हुतं," वहिनी म्हणाली.

"व्हय."

"दिवं गेलेलं दिसलं."

"व्हय."

"मग दोरी?"

त्याने भिंतीकडे कूस वळवली.

तिसऱ्या दिवशी मला यष्टीवर सोडायला तो आला. मी पुन्हा तेच विचारलं. गाडी सुरू होताना म्हणाला, "आत बरं वाटत होतं गं. दोरी हाताशीच होती."

पुण्यात लोकांनी सोलापूरचं विचारलं, तेव्हा मी चटणीचं सांगितलं. दुसरं काय सांगणार? आता तर मंगळावर वस्ती करायच्या बातम्या रोज येतात. हवा, पाणी, अन्न, सगळ्याचा हिशेब त्यात असतो. मी त्या वाचते आणि मला फरशी काढा म्हणणारी वहिनी आठवते. तिथे जायची स्वप्नं बघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की आधी परत यायची इच्छा आहे का ते तपासा.

पुढच्या दिवाळीला पुन्हा मंद्रूपला गेले. पेव मुरूम टाकून बुजवलेलं होतं. दादा शाळेत जात होता, जेवत होता, बोलतही होता. न्हाणीत गेले आणि दार लावायला हात वर केला, तर कडी नव्हती. लाकडात नुसती खिळ्यांची भोकं. मग सगळं घर फिरून पाहिलं. एकाही दाराला आतून कडी उरली नव्हती.

"कवाच काडल्या," वहिनी म्हणाली. "ह्येंनी इच्यारलं बी न्हाय."