उलटी टांगलेली कोरफड

काल नातीच्या बोटाला तव्याचा चटका बसला, म्हणून गॅलरीतल्या कोरफडीचं पान कापलं. तो कडवट, हिरवा वास नाकात शिरला आणि मी थेट चाळीस वर्षांपूर्वीच्या आमच्या पंचवटीतल्या घरात पोचले.

सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी येवल्याला गेल्या होत्या. जाताना माहेरून आणलेली कोरफड माझ्या हवाली केली होती. मी नवी सून, गुणी दिसायची भारी हौस! रोज तुळशीला तांब्याभर पाणी घातलं की कोरफडीलाही तांब्याभर, वर नमस्कार. थोड्याच दिवसांत ती बुडाशी सडली, पानं उकडलेल्या भेंडीसारखी लिबलिबीत झाली.

शेजारच्या माई म्हणाल्या, "अगं बाई, ती तुळस नाही. तिला तुझी भक्ती सोसत नाही!"

मग सडका भाग कापला आणि दृष्ट लागू नये म्हणून लोक टांगतात, तशी ती दारावर उलटी टांगली. रोज तांब्या घेऊन खाली उभी राहायचे आणि हात आवरायचे. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही.

सासूबाई परतल्या त्या उंबऱ्यातच थांबून वर पाहू लागल्या. मी हातातला तांब्या पदराआड लपवला. उलट्या कोरफडीतून एक कोवळं पान वळून आभाळाकडे निघालं होतं.

"उलटी टांगली तरी मान वरच," त्या म्हणाल्या. "सूनबाई, तुझ्यावर गेलीये बघ."

कौतुक की टोमणा, हे मी विचारलंच नाही. कौतुकच धरून चालले.

कालचं पान त्याच कोरफडीच्या पिल्लाचं. आणि गर लावून होताच "पुढची पोळीपण मीच भाजणार" म्हणणारी नातही तिच्यावरच गेलीये.