गप न्या

आप्पांना खांद्यावर घेऊन आम्ही बांधाशी आलो तेव्हा अण्णा तिथे आधीच उभा होता. रान त्याचं. तूर कमरेएवढी आलेली. आमची मसणवट त्या रानापलीकडे, ओढ्याला लागून. त्याच्या बांधावाचून तिकडे जायला वाट नाही. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उमेदीची सगळी वर्षं त्याच रानात तुरी काढल्या होत्या.

अण्णा ओरडला नाही. हात मागे बांधून, शेजाऱ्याला निरोप द्यावा तसं म्हणाला, "न्या की. कोन न्हाई म्हनायलंय? पर ते बुद्धम्-बिद्धम् नगं. माजं रान हाय. गप न्या."

बुद्धवंदना मी म्हणत होते. आप्पांनीच सांगून ठेवलं होतं की माझ्या मागं पोरीनं म्हणायचं. गावच्या विहारात संध्याकाळी ते वंदना घ्यायचे. 'सरणं'वर ओठ मिटून तो सूर इतका लांबवायचे की आम्हा पोरांचा श्वास संपायचा आणि आम्ही हसायला लागायचो. ते दटावायचे नाहीत. स्वतःचा श्वास पुरेपर्यंत थांबायचे. मग पुढची ओळ.

बांधावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या मागून म्हणाली, "म्हन की गं. कामून थांबलीस?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. गळा आतून मिटला. आम्ही त्यांना गप नेलं. तुरीची पानं तिरडीला घासत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

रडूही आलं नाही.

कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात एका मराठी शाळेत मी शिकवते. सुट्टी संपवून वर्गात उभी राहिले. धड्याची पहिली ओळ वाचली आणि दुसऱ्या ओळीला गळा पुन्हा तसाच मिटला. हात गार. खांदे कानाशी. मुलांना वाटलं बाई रडतायत. मी फळ्यावर लिहून तो तास काढला. पुढे असे बरेच तास काढले. मागून मोटारसायकल आली, कुणी मोठ्याने 'ए' म्हटलं, की तेच. कलबुर्गीच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घसा चांगला आहे म्हणाले. मनाचं आहे म्हणाले.

मला पुस्तकांची सवय. मी वाचत गेले. धोका दिसला की शरीर पळतं किंवा भिडतं, दोन्ही जमलं नाही तर गोठतं, असं त्यात होतं. मेंदूतून निघालेली एक लांब नस गळ्यातून, छातीतून पोटापर्यंत जाते आणि गळा मिटतो त्यात तिचाही हात असतो, असंही होतं. हे वाचून बरं वाटलं. मला वेड लागलेलं नव्हतं. या नर्व्हस सिस्टीमवर काम करणारे थेरपिस्ट असतात, शरीराला हळूहळू थाऱ्यावर आणतात, असं कळलं. मी शोधू लागले.

घाई होती. मसणवटीच्या वाटेचा अर्ज आम्ही तहसील कचेरीत दिला होता. सुनावणी लागणार होती. मराठी, कन्नड दोन्ही नीट येणारी म्हणून वस्तीने बोलायला मलाच नेमलं. अण्णा समोर असणार. आणि माझा आवाज दुसऱ्या ओळीला जात होता.

शोधणं सोपं नव्हतं. फोनवर नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं की पलीकडचा आवाज क्षणभर थांबतो. ते थांबणं मी लहानपणापासून ओळखते. एकाने विचारलं, गावात तुमचं घर कुठल्या बाजूला? शरीरावर काम करणाऱ्या माणसाला माझ्या घराची बाजू कशाला हवी? एका बाईंनी सांगितलं, आधी क्षमा करायला शिका, मग या. कुणाला, ते त्यांनी विचारलंच नव्हतं. शास्त्रावर माझा संशय नव्हता. ते ज्यांच्या ओसरीवर जाऊन बसलं होतं त्यांच्यावर होता.

शेवटी मिळाल्या त्या सोलापूरकडच्या, कलबुर्गीत स्थायिक झालेल्या एक मॅडम. मराठी बोलणाऱ्या. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांची खोली. एक सतरंजी, दोन खुर्च्या, गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी. भिंतीवर फोटो होता, देवाचा. मी पहिल्यांदा पाहिलं ते तेच.

पण खरं सांगायला हवं. त्या कामात हुशार होत्या. त्यांनी मला बोलायला लावलं नाही. पाय जमिनीवर टेकवा म्हणाल्या, टाचांना फरशी लागते का बघा. मान सावकाश फिरवून खोलीत काय काय दिसतं ते बघा. दार कुठे आहे ते बघा. मी बघत राहिले आणि हातात ऊब आली. इतक्या दिवसांनी. पुढच्या भेटींत खांदेही जरा खाली आले. मी त्यांना आप्पांचं सांगितलं, बांधाचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला म्हणाले, इतका संशय बरा नाही.

मग त्या गळ्याकडे वळल्या. लांब उच्छ्वास आणि त्याबरोबर गुंजार, त्याने ती नस शांत होते, म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी ॐकार लावला. खिडकी उघडी होती. खालून हातगाडीवाल्याचा आवाज येत होता, वरून त्यांचा ॐकार जात होता.

माझा गळा मिटला. गावच्या देवळातून तो सूर यायचा तेव्हा आम्ही ओट्याच्या खाली उभे असायचो. हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त विचारलं, दुसरं काही म्हटलं तर चालेल का?

"अगदी चालेल," त्या हसून म्हणाल्या. "ध्वनीला कुठे जात असते?"

मी पाय टेकवले. दार कुठे आहे ते पाहिलं. आणि आप्पांसारखं, अगदी हळू, म्हटलं, बुद्धं सरणं. 'सरणं'वर ओठ मिटले, आणि मिटल्या ओठांआड तोच गुंजार घुमला जो त्यांना हवा होता. छातीत घुमला. बांधानंतर पहिल्यांदा.

मॅडम उठल्या. खिडकी लावून घेतली. कडीसुद्धा घातली. परत येऊन बसल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "हे इथे नको. ते जरा चळवळीचं होतं ना. आपल्याला शरीर शांत करायचंय."

त्या बोलत होत्या. तुमच्या समाजात राग पिढ्यान्‌पिढ्या शरीरात साठलेला असतो, त्यात तुमचा दोष नाही, म्हणाल्या. तो सोडून द्यायचा. त्या शेतकऱ्यालाही मनातून सोडून द्यायचं. वाट तर देतोय ना तो. आता तुम्ही सुरक्षित आहात, हे शरीराला सांगायचं.

अण्णाने हात मागे बांधले होते. यांनी मांडीवर ठेवले होते. बाकी काही फरक नव्हता.

गळ्यात तेच सुरू झालं. हात गार पडू लागले. पण या वेळी मला ते ओळखता आलं. माझं शरीर चुकत नव्हतं. समोर जे होतं ते त्याने माझ्याआधी पाहिलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, खिडकी उघडा."

आवाज खरखरीत आला. पण आला.

त्या दचकल्या. "बघा, किती अस्वस्थ झालात. बसा, आधी श्वास घ्या."

मी बसले नाही. खिडकीची कडी काढली, तिची दोन्ही दारं उघडली आणि गल्लीकडे तोंड करून त्रिसरण पूर्ण म्हटलं. मध्ये दोनदा आवाज फाटला. फाटू दिला. खाली हातगाडीवाल्याने वर पाहिलं आणि पुन्हा कांदे निवडू लागला. त्याचं काही बिघडलं नाही. मी चप्पल घातली आणि जिना उतरले.

बसमध्ये मी रडले. आप्पांसाठी. शेजारची बाई कन्नडमध्ये विचारत होती, कोण गेलं? मी सांगितलं.

घरी आले तर चुलतभाऊ वाट बघत होता. अण्णाने निरोप धाडला होता. सुनावणी कशाला, वाट मी लिहून देतो, फक्त वाजवणं-म्हणणं काही नको, गप जायचं, गप यायचं. वस्तीतले बरेच जण तयार होते. भाऊही.

"वाट मिळायलीय ना अक्का? मग कामून ताणायलीस? मेलेल्याला काय ऐकू येतंय?"

आत्या चुलीपुढे होती. मागे न बघता म्हणाली, "मेलेल्याला न्हाई रे. त्येला येतंय. म्हनून तर नगं म्हनायलाय."

भाऊ उठून गेला. पटलं असं नाही. तो अजून माझ्यावर चिडून आहे. उद्या वाट हातची गेली तर सगळे मलाच बोलतील, हे मला माहीत आहे.

मी दुसरी थेरपिस्ट शोधते आहे. हे ज्ञान मला हवं आहे. टाचेखालची फरशी, दार कुठे आहे ते बघणं, हे मी सोडणार नाही. ते त्या मॅडमचं नाही. पण आता फोनवर आडनावाआधी मीच विचारते की मी माझे शब्द म्हटले तर तुम्ही खिडकी लावता का? पलीकडचा आवाज थांबतो. एक म्हणाल्या, बघू या. मी फोन ठेवला.

सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. अण्णा समोर बसेल. माझा गळा मिटेल, हे मी धरूनच चालते. शांत हो, असं मी शरीराला सांगणार नाही. पाय टेकवीन, दार बघेन, आणि गळा उघडेपर्यंत उभी राहीन. साहेबांना थांबावं लागेल.

मग सांगेन, आम्हाला वाट हवी आणि वाटेवर आवाज हवा. गप जायची वाट कुणी लिहून देत असेल तर ती आम्ही घेत नाही. आप्पांना एकदा गप नेलं. आता त्या बांधावरून कुणालाही गप नेणार नाही.