कोयंड्याकडे मी पाहिलंच नाही

कुलपं उघडायला मी शिकलो ते चिडून. धानाच्या पट्ट्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी कंत्राटी डेटा ऑपरेटर होतो. डबे आणि कपडे ठेवायला आम्हाला लोखंडी कपाटं होती. ज्याची चावी हरवे, त्याने साहेबांना लेखी विनंती करायची आणि दिवसभर वाट बघायची. स्वतःच्या भाकरीसाठी विनंती! वडील चळवळीतले, आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मला हे सहन होणं शक्य नव्हतं.

सायकलची तार कानशीने घासून मी हत्यार केलं. दुपारी जेवणानंतर एक जुनं कुलूप मांडीवर घेऊन बसायचो. हळूहळू आतल्या पिना बोटांना कळू लागल्या. नियम एकच ठेवला: ज्याचं कुलूप त्याने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. सगळ्यात जास्त बोलावणं सफाईच्या मावशींचं.

"बाबू, चाबी अंदरच राह्यली ना."

"मावशी, या महिन्यात तिसऱ्यांदा."

"मंग? तुले सराव नको का?"

नियम मी एकदाच मोडला. औषधांच्या खोलीचं कुलूप चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उघडून दाखवलं आणि भाषण ठोकलं: माणसांवर विश्वास नाही आणि विश्वास कशावर, तर या पत्र्याच्या डबड्यावर! सगळे हसले. औषधनिर्माते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दारावर मुठीएवढं जाड कुलूप आलं. आधी एक चावी सिस्टरच्या खणात असायची. आता दोन्ही औषधनिर्मात्यांच्या खिशात. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे लिहायला लाज वाटते.

धान कापणीच्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास, केंद्रामागचं वाळलेलं गवत उचलताना मावशींच्या उजव्या हाताला घोणस चावली. औषधनिर्माते बैठकीला सावली या तालुक्याच्या गावी गेले होते, फोन लागत नव्हता. डॉक्टर शिबिरात. रुग्णवाहिका बाळंतिणीला घेऊन गडचिरोलीला. विषावरची लस औषधांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये.

सिस्टर डॉक्टरांशी फोनवर बोलत होत्या. मधेच माझ्याकडे वळून ओरडल्या, "उघड! आज कोणी काही म्हणणार नाही!"

मी गुडघ्यांवर बसलो. हे कुलूप वेगळंच होतं. एक पिन बसली की दुसरी सुटायची. घामाने तार निसटत होती. मागे बाकावर मावशींचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

"होते ना बाबू?"

"होते मावशी, दोन मिनिटं."

दोन मिनिटं मी किती वेळा म्हणालो कोण जाणे. एक तार तुटली, दुसरी घेतली. सिस्टर म्हणाल्या, हिरड्यांतून रक्त येतंय. मी मान वर केली नाही. मला ते कुलूप हवं होतं. खोली नव्हे, कुलूप.

रांगेत तापाने फणफणलेला एक म्हातारा बसला होता. जंगलातल्या गावाहून पायी आलेला, तिकडच्या रीतीप्रमाणे खांद्यावर कुऱ्हाड. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत होता. मग उठला.

"कुलूप कायले खाजवून राह्यला बे? लाकूड सडलं हाय. कोंडा काढ ना."

मला बाजूला सारून त्याने चौकटीवर दोन घाव घातले. कोयंडा खिळ्यांसकट बाहेर आला. जाड कुलूप तसंच बंद, खाली लोंबत राहिलं. सिस्टर आत धावल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला आले होते.

मावशी वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

दरवाजा कोणी तोडला याची चौकशी लागली. सिस्टर म्हणाल्या, "चावी नव्हती एवढंच लिही. खोटं नाही ते." मी सगळं लिहिलं: आधीचं कुलूप मी गंमत म्हणून उघडलं, म्हणून हे आलं, आणि चौकट कुजलेली असताना मी जवळजवळ पाऊण तास कुलपाशीच बसलो. देण्याआधी मावशींच्या घरी जाऊन वाचून दाखवलं.

"काऊन लिवलं हे? तुले काढून टाकतीन ना."

"खरं आहे, मावशी."

"खऱ्यानं माही बोटं येतीन का?"

मी कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी तो साहेबांना दिला.

मला काढलं नाही, ताकीद देऊन सोडलं. पुढच्या महिन्यात सफाईच्या कंत्राटदाराने मावशींना घरी बसवलं. कारण विचारायला मी गेलो, तर तो म्हणाला, "तिच्यानं पोछा पिळनं होत नाई, भाऊ. म्या पाह्यलं ना."