खर्रा न खाणाऱ्या माणसाच्या हिरड्या

अंथरुणं आवरताना नवऱ्याच्या उशीच्या खोळीवर तांबूस डाग दिसले. माझ्या मनात पहिल्यांदा आला तो खर्रा.

आमच्याकडे तोंडाचं काहीही दुखणं निघालं की संशय आधी त्यावरच जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली ती पुडी निम्म्या गोंदियाच्या खिशात असते. माझं लग्न ठरताना वडिलांनी एवढंच विचारलं होतं, मुलगा खर्रा खातो का? नाही म्हणाले, आणि सोयरीक झाली.

नवरा राइस मिलमध्ये भट्टीवर आहे. उसना तांदूळ करायचा तर धान वाफवावं लागतं, आणि ती वाफ करायला भट्टीत धानाचंच तूस जाळतात. चौदा वर्षं ते त्या धुरात आणि राखेत उभे आहेत. घरी येतात तेव्हा भुवया पांढऱ्या असतात. आंघोळ झाल्याशिवाय मुलीला जवळ घेत नाहीत.

डागांबद्दल मी त्यांना विचारलं नाही. कपडे धुताना खिसे तपासायला लागले. उलटे करून, हुंगून. एकदा चुरगळलेला कागद मिळाला, तर ती दुकानदाराची चिठ्ठी निघाली. तरी मन मानेना.

मग एका रविवारी दुपारी मी चणे भाजले. त्यांना फार आवडतात. त्यांनी आपली वाटी मुलीकडे सरकवली.

"तू खा बेटा. मले भूक नाही."

माझा तोल गेला. "तुमी खर्रा खाऊन राहिले का?"

ते बघतच राहिले. "काऊन असं इचारतेस?"

"मग उशीवर रक्त कायले पडते?"

त्यांनी बोटानं एक दात हलवून दाखवला. मग म्हणाले, "दात हालून राहिला. तीन महिने झाले. कडक काही चावता येत नाही."

"मग मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं, तर तुले खर्ऱ्यानंच झालं असं वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या फुलचूरहून ऑटोनं गोंदियात, दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, हिंदी बोलणारी. तिनंही पहिला प्रश्न तोच केला, "तंबाकू?" नवऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. तिनं दिवा खाली ओढून गाल, जीभ, हिरड्या सगळं नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "सच बोल रहे हैं. खानेवाले का मुँह ऐसा नहीं होता."

मी पदराशी चाळा करत बसले.

मग तिनं काम विचारलं, नाक चोंदतं का विचारलं. नाक तर वर्षानुवर्षं चोंदलेलं. झोपेत तोंड उघडं असतं, त्यावरून मी त्यांना कितीदा चिडवलंही होतं. ती सांगत गेली, तोंडानं श्वास घेतला की तोंड कोरडं पडतं, दातांवर थर साचतो. खराब हवेत राहणाऱ्यांच्या हिरड्या जास्त सुजतात, असंही आता डॉक्टरांना दिसू लागलंय. "पर सिर्फ धूल से हुआ, ये मैं नहीं कहूँगी. ब्रश भी ठीक से नहीं होता आपका." साखर तपासायला सांगितली. ती ठीक निघाली.

त्या दिवशी तो हलणारा दात काढावा लागला. बाहेर ऑटोची वाट बघताना मी म्हटलं, "मी तुमचे खिसे तपासत होती."

"माहीत आहे मले." सुन्न ओठातून शब्द वाकडे येत होते. "वाळत घातलेल्या पँटीचे खिसे रोज बाहेर लोंबत होते."

ते हसायला गेले आणि कळवळून गाल धरला. मला रडू आलं, तर म्हणाले, "दात माझा गेला, तू कायले रडतेस?"

पुढं तीन फेऱ्यांत सगळे दात साफ झाले. नाकावरही औषध घेतलं. मी ब्लाउज शिवते, म्हणून उरलेल्या सुती कापडाचा दुहेरी मास्क शिवून दिला. डॉक्टर म्हणाली, यानं बारीक धूळ अडत नाही, चांगला घ्या. मिलमध्ये मागितल्यावर तसे मिळाले. भट्टीपाशी उकाड्यात ते लावून उभं राहणं सोपं नाही. कधी कधी ते काढून ठेवतात, हेही मला माहीत आहे. काम तेच आहे. दुसरं कुठून आणायचं?

रक्त मात्र थांबलं. रोज सकाळी ते दाराच्या पायरीवर आ करून बसतात, आणि मी मोबाइलचा उजेड पाडून हिरड्या बघते.

"दिसलं काही?"

"नाही. गुलाबी आहेत."

"मग चहा ठेव."